रनिंग किती झालंय?

जुन्या गाड्यांच्या बाजारात शिरलं की पहिला साक्षात्कार होतो तो हा, की महाराष्ट्रात डॉक्टरांइतक्या गाड्या कुणी घेत नाही आणि डॉक्टरांइतक्या कमी कुणी चालवत नाही. विकायला आलेली दर दुसरी गाडी ‘डॉक्टरची’ असते. नऊ वर्षं जुनी आणि रनिंग अठ्ठावीस हजार. मग हे डॉक्टर दवाखान्यात जात कसे होते, रात्री पेशंटकडून बोलावणं आलं तर पायी निघत होते का, असं विचारलं की विकणारा दुखावतो. “साहेब, डॉक्टरांकडे चार गाड्या आहेत,” असं तो सांगतो. उरलेल्या तीनही त्याच्याकडेच विकायला असतात आणि त्यांचंही रनिंग अठ्ठावीस हजारच असतं.

डॉक्टर नसेल तर गाडी ‘लेडीज ड्रिव्हन’ असते. त्या बाई म्हणे फक्त भाजी आणायला गाडी काढायच्या. मीटर बघता त्या घरात महिन्यातून एकदाच भाजी होत असावी. बाई नसतील तर बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ असतात. ते गाडी रोज पुसतात आणि वर्षातून एकदा कुलदैवताला नेतात. त्यांचा मुलगा अमेरिकेत असतो. हा मुलगा फार महत्त्वाचा. तो नसेल तर गाडी विकायला कारण उरत नाही, आणि कारणाशिवाय गाडी विकतोय म्हटलं की गिऱ्हाईक लगेच बॉनेटमध्ये डोकं घालतं.

मला गाडी हवी होती ती रोजच्या नोकरीसाठी. आम्ही राहतो सिंहगड रस्त्याला आणि आमचा कारखाना हलला शिरवळला. म्हणजे नवले पूल, नवा कात्रज बोगदा, खेड शिवापूरचा टोल, मग नीरा नदी ओलांडली की सातारा जिल्हा आणि शिरवळ. जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या घरात. कंपनीची बस आहे, पण ती ज्या वेळेला निघते त्या वेळेला आमच्या भागात फक्त दूधवाले आणि साखर कमी करायला निघालेले लोक जागे असतात.

आता हिशेब करा. शंभर किलोमीटर रोज, म्हणजे वर्षाला तीस हजार. डॉक्टरसाहेबांची ती अठ्ठावीस हजारांची कोवळी गाडी जादा पैसे मोजून आणली, तरी पुढच्या दिवाळीपर्यंत मीच तिला प्रौढ करणार. त्या कोवळेपणाचे पैसे मी का द्यायचे? त्यापेक्षा जी आधीच दणकून चालली आहे आणि तरीही धड आहे, तीच घ्यावी. लाखाच्या पुढे गेलेली, पण नीट ठेवलेली. एवढं साधं गणित, पण घरात ते मांडलं तेव्हा मेहुण्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “दाजी, लाखाच्या आत म्हणायचंय ना?”

मेहुण्याचं मत होतं, थोडे पैसे टाका आणि नवीनच घ्या. या ‘थोडे’ची व्याख्या मी मागितली. माझ्याकडे होते तीन लाख. जरा बरी नवी छोटी गाडी विमा-टॅक्ससकट रस्त्यावर यायला त्याच्या दुप्पट लागत होते. म्हणजे तीन लाखांत आणखी ‘थोडे’ तीन लाख टाकायचे. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक सेस इथून १८ टक्क्यांवर आला, आणि या ‘थोडे’ला सरकारी पाठबळ मिळालं. आमच्या सोसायटीतल्या ज्या काकांनी आयुष्यात स्कूटरच्या पुढे काही घेतलेलं नाही, तेही पार्किंगमध्ये अडवून सांगू लागले, “आता नवीनच परवडते हो!” परवडते हे त्यांनी अर्थातच माझ्या वतीने ठरवलं होतं.

सासऱ्यांचा मुद्दा तात्त्विक होता. “दुसऱ्याची डोकेदुखी आपण पैसे देऊन का आणायची?” बायकोची अट एकच, पांढरी नको. पांढरी गाडी टुरिस्टची वाटते.

पण सगळ्यांचा खरा विरोध होता तो त्या एका लाखाला. हा लाखाचा आकडा आपल्या मनात कुणी रुजवला देव जाणे. नव्व्याण्णव हजार चाललेली गाडी ऐन उमेदीत असते आणि एक लाख एक हजार चाललेली तिरडीवर. आपण गाडीला हात लावायच्या आधी विचारतो, “रनिंग किती झालंय?” विकणाराही मग गिऱ्हाइकाला आवडेल तेच उत्तर काढून ठेवतो. व्यापाराचा नियमच आहे तो. खोटं त्याच्या तोंडात असतं, पण त्याची ऑर्डर आपण दिलेली असते.

हे उत्तर काढून ठेवण्याला बाजारात ‘मीटर मागे घेणं’ म्हणतात. पूर्वी त्याला मेहनत लागायची. मीटरची केबल सोडवून तिला ड्रिल मशीन लावायचं आणि उलटं फिरवत बसायचं. आता डिजिटल मीटर आले आणि कष्ट संपले. लॅपटॉप जोडायचा, हवा तो आकडा टाकायचा. चहा सांगून तो येईपर्यंत गाडीचं वय सत्तर हजारांनी उतरतं.

फक्त मीटर उतरतो, बाकीची गाडी नाही. केस काळे केलेला माणूस हातावरच्या शिरा कुठे लपवणार? क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर बघावं. त्यावरच्या रेघा गुळगुळीत झाल्या असतील तर अठ्ठावीस हजारांत एवढं कोण दाबत होतं? गिअरच्या मुठीवरचे आकडे पुसलेत का, स्टिअरिंगला तुळतुळीत चकाकी आलीय का, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बसलीय का, काचेचं बटण घासलंय का, हे सगळं बघावं. सीट कव्हर आणि स्टिअरिंग कव्हर दोन्ही कोरी करकरीत असतील तर आणखी सावध व्हावं. एका ठिकाणी मी गुळगुळीत पेडल दाखवलं, तर विकणारा क्षणभरही न अडखळता म्हणाला, “डॉक्टरसाहेबांचा पाय जड होता.”

शिवाय कमी चाललेली म्हणजे चांगली, हेही तितकंसं खरं नाही. इंजिन सर्वांत जास्त झिजतं ते थंड असताना, सुरू केल्यापासून नीट तापेपर्यंत. दोन किलोमीटरवर भाजीला जाऊन येणारी गाडी तापायच्या आत बंद होते. इंधन जळताना तयार झालेलं पाणी उडून न जाता तेलात आणि सायलेन्सरमध्ये मुरतं. सायलेन्सर आतून गंजतो आणि बॅटरीही पुरती चार्ज होत नाही. उलट महामार्गावर एका लयीत चालणाऱ्या गाडीचं तेल तापलेलं राहतं आणि क्लचला विश्रांती असते. गणपतीच्या आदल्या रविवारी लक्ष्मी रस्त्यावर एका किलोमीटरात जेवढा क्लच दाबावा लागतो, तेवढा पुण्याहून साताऱ्यापर्यंत लागत नाही. म्हणून लाखभर किलोमीटर हायवेला पळालेली गाडी पेठांत तीस हजार झालेल्या गाडीपेक्षा बरी निघू शकते. तेल मात्र वेळच्या वेळी बदललेलं हवं.

पुराव्यादाखल मी घरच्यांना मुंबईचे टॅक्सीवाले दाखवले. काळ्या-पिवळ्या प्रीमिअर पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या, पण त्या दमल्या म्हणून नव्हे, तर टॅक्सीला असलेली वीस वर्षांची मुदत संपली म्हणून. त्यांच्या जागी वॅगन आर आणि सँट्रोसारख्या छोट्या गाड्या आल्या. दिवसाचा ड्रायव्हर वेगळा आणि रात्रीचा वेगळा, त्यामुळे गाडीला झोप नाही. त्यांना कुणी रनिंग विचारत नाही. विचारलंच, तर ते गिऱ्हाइकाकडे वळून बघतात, आणि मुंबईत टॅक्सीवाला वळून बघायला लागला की आपणच विषय बदलतो.

तेवढ्याने भागेना, तेव्हा मी आंतरराष्ट्रीय दाखला काढला. न्यूयॉर्कजवळ अर्व्ह गॉर्डन नावाचे विज्ञानाचे एक शिक्षक राहायचे. त्यांनी १९६६ साली एक व्होल्वो घेतली, तिच्यातून शाळेत जाऊन-येऊन रोज दोनशे किलोमीटर केले, आणि निवृत्तीनंतरही थांबले नाहीत. २०१३ साली त्यांच्या गाडीने तीस लाख मैल, म्हणजे अठ्ठेचाळीस लाख किलोमीटर पुरे केले. गिनीज बुकात नाव आहे. यावर मेहुणा म्हणाला, “दाजी, ती व्होल्वो होती.” सासरे म्हणाले, “शिक्षकाच्या पगारात पेट्रोल कसं परवडलं?” बायको म्हणाली, “पांढरी होती का?”

कुठलं मॉडेल घ्यायचं हा विषय मी आटोपता घेतो, कारण आपल्याकडे त्यात संप्रदाय आहेत. एक पंथ सांगतो मारुतीच घे, पार्ट पानाच्या टपरीवरसुद्धा मिळतो. दुसरा पंथ विचारतो, पत्र्याच्या डब्यात बसायचंय का? डिझेलपंथी अजून फियाटच्या १.३ लिटर इंजिनाची आठवण काढून हळवे होतात. ते इंजिन स्विफ्टमध्ये होतं, डिझायरमध्ये होतं, पुंटोत होतं, इंडिका व्हिस्टातही होतं, आणि आपल्या रांजणगावलाही बनायचं. म्हणून लोक त्याला कौतुकाने राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम आले आणि त्याची इथली कारकीर्द संपली. शेवटी डिकी असलेल्या गाड्याही पाहिल्या. २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना करात सवलत दिली, तेव्हापासून कंपन्यांनी लांब गाड्यांच्या डिक्या छाटून त्या चार मीटरमध्ये बसवल्या. ही कथा ठाऊक नसल्यामुळे सासऱ्यांनी एका गाडीला मागून बघितलं आणि “ही मागून जोरात ठोकलेली आहे” म्हणून थेट वीस हजार कमी करायला सांगितले.

सर्वांत मोह झाला तो दिल्लीच्या गाड्यांचा. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली कायम ठेवली. तेव्हापासून तिथल्या जुन्या गाड्या तीर्थयात्रेला निघाल्यासारख्या दक्षिणेकडे येऊ लागल्या. किंमत ऐकून डोळे विस्फारतात. मग हळूहळू कळतं, की तिकडच्या आरटीओची एनओसी आणायची, इथे पुन्हा नोंदणी करायची, महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने भरायचा आणि तोवर दिल्लीचा नंबर लावून प्रत्येक चौकात मामांना कागद दाखवायचे. विकणारा मात्र सांगतो, “साहेब, दिल्लीत बॅन झाली म्हणून स्वस्त, बाकी गाडी एकदम फ्रेश.” दहा वर्षं दिल्लीच्या हिवाळ्यात श्वास घेतलेली गाडी फ्रेश!

आणखी एक जात बाजारात सापडते, पण ओळख देत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली पाण्यात होतं, जुलै २०२१ मध्ये चिपळूण. त्या पाण्यात उभ्या असलेल्या गाड्या पुढे कुठेतरी गेल्याच असतील, पण बाजारात विचाराल तर पुरातली एकही गाडी आजवर कुणी विकलेली नाही. ती ओळखायची रीत सोपी आहे. सीट बेल्ट ओढायचा, ओढत राहायचा, अगदी शेवटचा वीतभर पट्टा बाहेर येईपर्यंत. गाडी धुणारा सगळं धुतो, पण तो शेवटचा वीतभर विसरतो. तिथे गाळाची रेघ दिसली की मागे वळायचं. सीटखालच्या लोखंडी पट्ट्या गंजल्यात का आणि कार्पेट उचललं की कुबट वास येतो का, तेही बघायचं. एका विक्रेत्याने मला बेल्ट ओढताना पाहिलं आणि विचारलं, “साहेब, गाडी घ्यायचीय की नाडी मोजायचीय?”

या सगळ्या विद्या मला शिकवल्या त्या आमच्या गॅरेजवाल्या उस्तादांनी. उस्ताद गाडी बघायला येतात ते एक फडकं आणि एक टॉर्च घेऊन. बोलत नाहीत. त्यांच्या शब्दकोशात स्तुतीचा परमोच्च शब्द ‘ठीक आहे’ हा आहे. आल्या आल्या ते बॉनेटवर तळवा ठेवतात. बॉनेट कोमट लागलं तर न बोलता स्कूटरला किक मारतात. गाडी आधीच तापवून ठेवली याचा अर्थ थंड असताना ती काहीतरी बोलते, आणि ते आपण ऐकू नये अशी मालकाची इच्छा आहे, हे त्यांनी नंतर चहा पिताना समजावलं. मालक मात्र शपथेवर सांगत होता, “आत्ताच जरा बाजूला लावली.”

बॉनेट थंड लागलं तर मग खरी तपासणी. तेलाची कांडी काढून ते फडक्यावर पुसतात. तेल दुधाळ दिसलं तर पाणी आत शिरलंय. इंजिन चालू ठेवून तेलाचं झाकण उघडतात आणि तिथून भसाभस धूर येतो का बघतात. त्याला ते बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, आणि तो शब्द ऐकला की विकणाऱ्याचा आवाज एक पट्टी खाली येतो. मागे सायलेन्सरपाशी उभं राहून धुराचा रंग बघायचा. निळा म्हणजे तेल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय आणि गाडी तापल्यावरही पांढरा येत राहिला तर हेड गॅस्केटच्या नावाने खिसा मोकळा करायचा. बॉनेट आणि फेंडरच्या बोल्टवर पान्याच्या खुणा आहेत का? असतील तर पत्रा कधीतरी उतरलाय. प्रत्येक काचेवर कोपऱ्यात बारीक अक्षरांत सालाची खूण असते. सगळ्या काचा एका सालच्या आणि एकच वेगळी असेल तर त्या बाजूला काहीतरी घडलंय. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल. ‘टायर नवेच टाकलेत’ म्हणणाऱ्याला ते आकडे वाचून दाखवले की टायरचं वय त्याच्या धाकट्या मुलाएवढं निघतं.

चक्कर मारताना विकणारे लोक हटकून गाणी लावतात. एक तर मोठ्या अभिमानाने म्हणाला, “साउंड ऐका साहेब, भारीतली सिस्टिम टाकलीय.” उस्ताद म्हणाले, “साउंडच ऐकायचाय. टेप बंद करा.” टेप बंद झाली आणि पुढच्या डाव्या चाकातून जो साउंड आला, त्यानंतर आम्ही तिघंही बोललो नाही.

अखेर गाडी सापडली ती साताऱ्यात, कुठल्याही बाजाराबाहेर. मालक औषध कंपनीचे प्रतिनिधी, नुकतेच निवृत्त झालेले. गाडी २०१७ चं पासिंग, पेट्रोल, एमएच-११, रनिंग एक लाख बेचाळीस हजार. रंग पांढरा. मॉडेलचं नाव सांगत नाही, कारण सांगितलं की त्या पंथाचे लोक अभिनंदनाला आणि दुसऱ्या पंथाचे सांत्वनाला येतील. डॉक्टरांची गाडी मिळाली नाही, पण डॉक्टरांच्या दारात उभी राहिलेली मिळाली, एवढं समाधान होतं.

हे गृहस्थ विचित्र निघाले. आम्ही काही विचारायच्या आत त्यांनी गाडीचे दोष सांगायला सुरुवात केली. पावसाळ्यात मागच्या डाव्या दारातून पाणी येतं. थंडीत दुसरा गिअर पहिल्यांदा रुसतो. एसीला गार व्हायला पाच मिनिटं लागतात. लॉकडाऊन संपल्यावर मेढ्याच्या रस्त्याला म्हैस आडवी आली आणि दार चेपलं. म्हशीला काही झालं नाही. एवढं सांगून त्यांनी फाईल काढली. पहिल्या सर्व्हिसिंगपासूनची बिलं तारखेने लावलेली, आणि एक वही, जिच्यात प्रत्येक वेळी पेट्रोल किती टाकलं आणि तेव्हा मीटर किती होता हे निळ्या शाईत लिहिलेलं. मीटर मागे घेणाऱ्याला आधी ही वही मागे घ्यावी लागली असती.

असा खरं बोलणारा विक्रेता भेटला की आपण जास्तच गोंधळतो. सासरे कानाशी येऊन म्हणाले, “एवढं सांगतोय, म्हणजे अजून मोठं काहीतरी दाबतोय.” मी विमा पाहिला. नो क्लेम बोनस पन्नास टक्के. हा बोनस पन्नासावर पोचायला सलग पाच वर्षं एकही दावा केलेला नसावा लागतो. म्हणजे म्हशीचा खर्च त्यांनी खिशातून केला होता, बोनस जाऊ नये म्हणून. (तो बोनस गाडीबरोबर आपल्याला मिळत नाही, तो मालकाचा असतो. पण गाडीच्या चारित्र्याचा एवढा चांगला दाखला आरटीओही देत नाही.) मी विचारलं, “विकताय कशाला?” ते म्हणाले, “निवृत्त झालो, एवढं फिरायचं नाही आता.” आणि मुलगा? “मुलगा कराडला असतो.” मला एकदम विश्वास वाटला.

उस्तादांनी कांडी, झाकण, बोल्ट, काचा, बेल्ट सगळं केलं. गाडी थंड होती. दुसरा गिअर सांगितल्याप्रमाणे रुसला. खाली उतरून फडक्याला हात पुसत ते म्हणाले, “घ्या.” ‘ठीक आहे’च्या वरचा एक शब्द त्यांच्याकडे आहे, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. सासऱ्यांनी परंपरा म्हणून दहा हजार कमी मागितले. मालकांनी पाच कमी केले आणि वर जेवायला थांबवलं.

कागदपत्रांत दिरंगाई करू नका, एवढंच या भागात सांगण्यासारखं आहे. फॉर्म २९ आणि ३०, कर्ज फिटलेलं असलं तरी आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र, आणि गाडीच्या नंबरवर ई-चलन थकलेलं नाही याची खात्री. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. ‘नावावर काय, होईल सावकाश’ म्हणणाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल वाचावा. आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईच्या वेळी मालक तोच, मग गाडी त्याने कितीही जणांना विकलेली असो. हे कळल्यावर आमचे मालक माझ्याआधी आरटीओच्या दारात उभे होते.

फास्टॅगची गंमत मात्र कुणी सांगितली नव्हती. एका गाडीला एकच फास्टॅग, त्यामुळे जुना बंद होईपर्यंत माझा नवा निघेना. तोवर मी रोज खेड शिवापूरचा टोल ओलांडायचो आणि पैसे कटल्याचा मेसेज साताऱ्याला जायचा. संध्याकाळी मी पैसे पाठवायचो. आठवडाभरात त्यांना माझ्या नोकरीची चांगली ओळख झाली. एकदा टोलपाशी पोचायला उशीर झाला तर त्यांचा फोन, “आज बरं वाटत नाही का?” बायकोला ही सोय इतकी आवडली, की फास्टॅग बदलायची घाई कशाला, असं तिचं म्हणणं पडलं.

गाडी घरी आल्यावर पूजेचा पेच पडला. डॅशबोर्डवर आधीच्या मालकांनी गणपती इतका घट्ट चिकटवला आहे, की त्याला हलवायचं तर डॅशबोर्ड उतरवावा लागेल. सासूबाईंनी निर्णय दिला, देव बसलेलाच आहे, नुसता नारळ फोडा. मागच्या काचेवर त्यांच्या दोन मुलांची नावं आहेत. काढायला गेलो तर काचेवर चरे पडायला लागले, म्हणून राहू दिली. आता कारखान्याचा वॉचमन रोज विचारतो, “साहेब, धाकटा कितवीला?” मी सांगतो, नववीला. कराडचा तो धाकटा बँकेत अधिकारी आहे असं ऐकतो.

उस्तादांनी पहिल्याच महिन्यात सगळी तेलं, फिल्टर, बेल्ट, बॅटरी, पुढचे बुश आणि लिंक रॉड बदलून घेतले. किमतीचा दहावा हिस्सा या कामासाठी बाजूला ठेवायचा असतो, हे त्यांनी घेण्याआधीच बजावलं होतं. गाडी किती स्वस्तात मिळाली ते सगळ्यांना सांगणारे लोक हा दहावा हिस्सा सांगत नाहीत. उरला होता तो मागून येणारा एक बारीक खुळखुळ आवाज. सस्पेन्शन तपासलं, सायलेन्सरचे रबर तपासले, मेहुण्याने डिकीत झोपून कात्रजच्या बोगद्यापर्यंत प्रवास केला. शेवटी मागच्या दाराच्या खणात औषधाच्या गोळ्यांची सॅम्पल बाटली सापडली. आम्लपित्तावरची होती. सासऱ्यांनी ठेवून घेतली.

गाडी रोज जाते आणि रोज येते. तिच्याकडून माझी अपेक्षा इतकीच होती. पांढरी असल्यामुळे स्वारगेटला दोनदा लोक बसायला आले, ते सोडलं तर तक्रार नाही.

एक विनंती मात्र आहे. गाडी विकायला काढाल तेव्हा सर्व्हिसिंगची बिलं रद्दीत घालू नका, गाडीबरोबर द्या. रद्दीवाला त्यांचे दोन रुपयेही देणार नाही, पण घेणारा त्याच कागदांवर तुम्हाला पाच-दहा हजार जास्त देईल आणि शिवाय लाखाच्या पुढचा आकडा बघून पळून जाणार नाही. आणि घ्यायला निघाला असाल, तर रनिंग जरूर विचारा, पण फाईल बघितल्यानंतर.